वाटणीचे गणित आणि मतपेटी

मेकॉले म्हटले की आपल्याला त्याचे १८३५ सालचे शिक्षणविषयक टिपण आठवते आणि आपण तिथेच थांबतो. याच मेकॉलेने ३ मे १८४२ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये केलेले एक भाषण मात्र आपल्याकडे फारसे वाचले गेलेले नाही. चार्टिस्ट चळवळीने तीस लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे आणला होता आणि त्यात प्रत्येक प्रौढ पुरुषाला मताचा अधिकार मागितला होता. मेकॉलेने विरोध केला. त्याचा तर्क सरळ होता : गरीब संख्येने जास्त, मालमत्ता थोड्यांच्या हाती, कायदा करण्याचा अधिकार बहुसंख्यांना दिला की ते थोड्यांची मालमत्ता वाटून घेणार. दोनशे वर्षांपूर्वी, १६४७ मध्ये, क्रॉमवेलच्या सैन्यातील मतभेदांवर पटनीच्या चर्चमध्ये जी चर्चा झाली तिच्यात क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याने हीच भीती बोलून दाखवली होती. पुढे १८५२ मध्ये मार्क्सने लिहिले की इंग्लंडात सार्वत्रिक मताधिकार आला तर राजकीय सत्ता कामगारवर्गाच्या हाती जाईल. एकाची भीती ती दुसऱ्याची आशा, पण हिशेब दोघांचा एकच.

तो हिशेब चुकला. मताधिकार आला, मालमत्तेचे फारसे काही बिघडले नाही. इंग्लंडात नाही, अमेरिकेत नाही आणि आपल्याकडे तर नाहीच. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत, आणि ती लवकर मिटवली नाही तर ज्यांना विषमतेचे चटके बसतात ते लोकशाहीचा डोलाराच उधळून लावतील, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला. पाऊणशे वर्षे झाली. विसंगती तशीच आहे आणि डोलाराही उभा आहे. हे कसे, हा या लेखाचा प्रश्न.

आधी हिशेब काय होता ते नीट मांडू. पाच घरांची एक वाडी आहे असे समजा. चार घरांचे मासिक उत्पन्न अनुक्रमे १०, १२, १५ आणि १८ हजार रुपये. पाचव्याचे १ लाख ४५ हजार. एकूण दोन लाख, सरासरी ४० हजार. आता सर्वांवर सरसकट दहा टक्के कर लावला आणि जमलेले वीस हजार पाच घरांत सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार हजार येतात. मधल्या घराने दीड हजार भरले आणि चार हजार घेतले. अठरा हजारवाल्याने अठराशे दिले, त्यालाही चार हजार मिळाले. फक्त पाचव्याचे साडेचौदा हजार जाऊन चार परत आले. मतदान घेतले तर निकाल चार विरुद्ध एक. पाचव्याचे उत्पन्न आणखी एक लाखाने वाढले तर प्रत्येकाचा वाटा सहा हजारांवर जातो, म्हणजे कर लावण्याचा मोह वाढतो. ॲलन मेल्ट्झर आणि स्कॉट रिचर्ड या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९८१ मध्ये हीच गोष्ट समीकरणांत मांडली. कराने काम करण्याची ओढ कमी होते, म्हणून वाटणी शंभर टक्क्यांपर्यंत जाणार नाही, हेही त्यांनी धरले. पण सार हे की लोकशाहीत मधल्या मतदाराचे उत्पन्न सरासरीच्या जितके खाली, तितकी पुनर्वाटपाची मागणी जास्त.

भारताचे आकडे या वाडीपेक्षा फार वेगळे नाहीत. जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये भारतावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये प्रौढ भारतीयाचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे २ लाख ३५ हजार होते, आणि बरोबर मधल्या माणसाचे सुमारे १ लाख ५ हजार. सरासरी गाठायची तर माणसाला जवळजवळ नव्वदाव्या पायरीवर उभे राहावे लागते. वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के हिस्सा जातो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो सहा टक्क्यांच्या आसपास होता. या आकड्यांच्या पद्धतीवर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत, ते असोत. नव्वद टक्के मतदारांना सरळ फायदा व्हावा अशी ही स्थिती आहे. तरीही श्रीमंतांवर जादा कर लावा, हा मुद्दा घेऊन कुणी निवडणूक जिंकल्याचे आठवते का?

हे केवळ आपलेच नाही. आर्थिक इतिहासकार पीटर लिंडर्ट यांनी याला रॉबिन हूडचा विरोधाभास म्हटले : जिथे रॉबिन हूडची गरज सर्वांत जास्त तिथेच तो दिसत नाही. स्वीडन-डेन्मार्कमध्ये तो मुबलक आढळतो.

उत्तरे बरीच दिली गेली आहेत. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७३ मध्ये सांगितलेला बोगद्याचा दृष्टान्त सर्वांत प्रसिद्ध आहे. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन रांगा बोगद्यात अडकल्या आहेत. अचानक शेजारची रांग हलू लागते. आपली हललेली नसते, तरी आपल्याला बरे वाटते. पुढे मोकळे झाले, आता आपलीही पाळी येईल. द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्यात जे अडकले आहेत त्यांना वेगळे समजावून सांगायला नको. १९९१ नंतरच्या भारतात हा बरे वाटण्याचा काळ बराच लांबला. शेजाऱ्याचा मुलगा पुण्याला हिंजवडीत लागला, मावसभाऊ अमेरिकेला गेला. मग आपलाही जाईल. उद्या आपणच पाचव्या घरात राहणार असू तर त्या घरावर कर कशाला लावा? पण हर्शमन यांनी पुढचेही सांगितले होते, जे उद्धृत करताना बहुधा गाळले जाते. शेजारची रांग पळतच राहिली आणि आपली तिथेच, तर तोच माणूस संतापतो आणि मधली रेघ ओलांडायला तयार होतो.

दुसरे उत्तर मला अधिक पटते, कारण ते मोजून पाहिलेले आहे. माणसाला आपण कोणत्या पायरीवर आहोत हेच ठाऊक नसते. अर्जेंटिनातील संशोधकांनी बृहद् ब्युनोस आयर्समधील कुटुंबांना विचारले, की देशात तुमच्यापेक्षा गरीब किती कुटुंबे असतील? गरीब कुटुंबांनी स्वतःला प्रत्यक्षाहून वर मानले, श्रीमंतांनी खाली. दोघांनाही वाटे आपण मधले. याचे कारण साधे. आपण ज्यांच्यात राहतो त्यांच्याशी तुलना करतो, आणि आपल्यासारखेच लोक आपल्या शेजारी राहतात. मग काही कुटुंबांना त्यांची खरी जागा सांगण्यात आली. आपण समजत होतो त्यापेक्षा खाली आहोत हे ज्यांना कळले, त्यांनी सरकारने गरिबांना अधिक मदत करावी असे म्हटले. हा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये झालेल्या अशाच पाहणीत उलटी बाजू दिसली. बहुतेकांनी स्वतःला प्रत्यक्षाहून खाली मानले होते; तुम्ही वर आहात असे सांगताच त्यांची पुनर्वाटपाची इच्छा कमी झाली, विशेषतः जे आधीच उजव्या विचारांचे होते त्यांची.

आपल्याकडे याला पाहणीची गरज तरी आहे का? गिरणगावच्या चाळीतला माणूस मध्यमवर्गीय आणि तिथेच उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात तिसाव्या मजल्यावर राहणारा, तोही मध्यमवर्गीय. महिन्याला वीस हजार मिळवणारा माणूस पिकेटी यांच्या आकड्यांनुसार देशातल्या वरच्या दहा टक्क्यांच्या उंबरठ्यावर असतो. दिवाळी अंकांचे दोन-तीन संच दरवर्षी विकत घेणारा वाचक तर तो उंबरठा केव्हाच ओलांडून आत आलेला असतो, आणि प्राप्तिकराच्या ओझ्याविषयी बोलताना स्वतःला अगदी मनापासून सामान्य माणूस म्हणवतो. त्यात ढोंग नाही. त्याच्या सोसायटीत तो खरोखरच मधला आहे.

तरीही एवढ्याने कोडे सुटत नाही. स्वतःची पायरी चुकीची ओळखणारा माणूसही सरकारकडे मागतोच. कर्जमाफी मागतो, हमीभाव मागतो, स्वस्त धान्य मागतो. विषमतेची जाणीव नाही म्हणून मागणी नाही, असे म्हणता येत नाही. आपल्या राज्यात तर ती जाणीव इतकी तीव्र आहे की गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोठे मोर्चे त्यातूनच निघाले. पण त्यांची भाषा कराची नव्हती, आरक्षणाची होती. पाची बोटे सारखी नसतात, हे आपण मान्य करतो. आपले बोट आखूड का, एवढेच विचारतो.

माझ्या मते गोम अशी आहे. पुनर्वाटपाला दोन अर्धे असतात : कुणाकडून तरी घेणे आणि कुणाला तरी देणे. पाच घरांच्या हिशेबात हे दोन्ही एकाच ओळीत येतात, म्हणून मधले घर पटकन हात वर करते. प्रत्यक्षात मतदारापुढे ते कधीच एकत्र येत नाहीत. घेणे एका अर्थसंकल्पात येते, देणे दुसऱ्याच एखाद्या जाहीरनाम्यात. सुटे सुटे पाहिले की घेणे अन्यायाचे वाटते आणि देणे हक्काचे.

घेण्याच्या अर्ध्याचे काय होते ते अमेरिकेत २००१ मध्ये दिसले. तिथे मृताच्या संपत्तीवर कर होता. त्या वर्षी ६ लाख ७५ हजार डॉलरपर्यंतची संपत्ती करमुक्त होती आणि मरणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम दोघांच्या वारसांना हा कर भरावा लागे. विरोधकांनी त्याला मृत्युकर असे नाव दिले आणि शेत विकावे लागणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे चित्र लोकांपुढे ठेवले. जून २००१ मध्ये कर टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचा कायदा झाला. राज्यशास्त्रज्ञ लॅरी बार्टेल्स यांनी पुढच्या वर्षीच्या मतदार पाहणीचे आकडे तपासले तेव्हा सुमारे सत्तर टक्के लोक करमाफीच्या बाजूचे निघाले. श्रीमंत त्यांच्या वाट्याचा कर भरत नाहीत आणि सरकारने लोककल्याणावर अधिक खर्च करावा, असे म्हणणाऱ्या कमी उत्पन्नाच्या लोकांतही बहुसंख्यांना हा कर नको होता. दोन मते एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहत होती आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात अमेरिकी लोकांना विषमतेचे आकडे दाखवले गेले. विषमता ही गंभीर समस्या आहे असे म्हणणारे वाढले, पण एकूण करधोरणाविषयीची मते फारशी हलली नाहीत. एकच अपवाद होता. वारसाकर किती थोड्यांना लागतो हे सांगताच त्याच्या समर्थकांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले.

आपल्याकडेही हा कर होता, हे आज कितीजणांना आठवते? चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये संपदाशुल्काचा कायदा झाला. (मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे चिंतामणराव आपल्या स्मरणात आहेत, हे चिंतामणराव नाहीत.) त्याचे सर्वांत वरचे दर पुढे ८५ टक्क्यांपर्यंत गेले. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर १९७३-७४ मध्ये अधिभारासह ९७.७५ टक्के होता. कागदावर इतका रॉबिन हूड जगात थोड्याच देशांनी पाहिला असेल. प्रत्यक्षात संपदाशुल्कातून वर्षाला सुमारे वीस कोटी रुपये मिळत, आणि वसुलीचा व्याप त्या मानाने फार, असे सांगून विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५च्या अर्थसंकल्पात ते रद्द केले. त्यासाठी ना मोर्चा निघाला, ना बंद झाला. संपत्तीकरही असाच गेला : २०१३-१४ मध्ये त्यातून जेमतेम हजार कोटी आले होते आणि २०१५ मध्ये अरुण जेटली यांनी तो काढून अतिश्रीमंतांच्या प्राप्तिकरावर दोन टक्के जादा अधिभार लावला. या करांतून आपल्या गावची शाळा किंवा दवाखाना चालतो असे कुणाला कधी दिसलेच नव्हते. जे दिसले नाही त्यासाठी कोण भांडणार?

एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या ऐन प्रचारात, अमेरिकेतल्या वारसाकराविषयी एका नेत्याने केलेल्या उल्लेखावरून वादळ उठले. दोन दिवसांत एका बाजूने हल्ला झाला, दुसऱ्या बाजूने असा विचारही नसल्याचा खुलासा आला. चर्चा मंगळसूत्रापर्यंत पोहोचली. एकही मोठा पक्ष या कराच्या बाजूने उभा राहिला नाही. मला त्यात राजकारणापेक्षा भाषा मोठी वाटते. मराठीत वडिलोपार्जित हा शब्द जिव्हाळ्याचा आहे. ज्याच्या नावावर दोन एकर कोरडवाहू आहे त्यालाही तो आपला वाटतो. कर कोट्यधीशाच्या इस्टेटीवर, आणि पोटात गोळा दोन एकरवाल्याच्या.

त्याच वर्षी महाराष्ट्राने दुसरा अर्धाही पाहिला. जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतील महिलांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबरात निवडणूक होती. लाभ घेणाऱ्यांची संख्या दोन कोटींच्या वर गेली. विरोधी आघाडीने योजनेला विरोध केला नाही, उलट तीन हजारांचे आश्वासन दिले. रक्कम किती, यावर स्पर्धा झाली. ती कुणाकडून घ्यायची, हा प्रश्न प्रचारात आला नाही. हप्ता मिळालेल्या बाईने त्यातून तेल, साबण घेतला तर त्यावर वस्तू व सेवा कर तीही भरते. राज्याने कर्ज काढले तर ते फेडताना कुणाच्या ताटातले कमी होणार, हेही ठरलेले नसते. देणारा अदृश्य राहिला की देणे हे सरकारच्या मर्जीचे होते, ओवाळणीसारखे. दीड हजारांनी त्या घरांत फरक पडला हे खरे आहे आणि त्याची चेष्टा करणाऱ्यांनी एकदा दीड हजारात महिना रेटून पाहावा. पण विषमतेला त्याने धक्का लागत नाही.

दोन्ही अर्धे जोडले गेले असे प्रसंग इतिहासात आहेत. केनेथ शीव्ह आणि डेव्हिड स्टासाव्हेज यांनी वीस देशांच्या दोन शतकांच्या करांचा इतिहास तपासून २०१६ मध्ये पुस्तक लिहिले. मताधिकाराने श्रीमंतांवरचे कर वाढले नाहीत, महायुद्धाने वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गरिबांची मुले सक्तीने सैन्यात नेली, तर श्रीमंतांची संपत्तीही सक्तीने घ्या, ही मागणी सर्वांना पटली, कारण देणे आणि घेणे समोरासमोर होते. स्वीडनचा मार्ग वेगळा. तिथे मदत केवळ गरिबांना न देता सर्वांना देतात, त्यामुळे कर भरणाऱ्याला त्याचे काय झाले ते आपल्याच घरात दिसते.

तिसरा प्रसंग आपल्याच राज्यातला आहे आणि आपण त्याकडे कधी या नजरेने पाहिलेले नाही. रोजगार हमी योजना म्हणताच खडी, मस्टर आणि मुकादम एवढेच डोळ्यांपुढे येते. तिच्यामागची कररचना मात्र विसरली गेली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातील विसापूर भागात हा प्रयोग करून पाहिला. दांडेकर आणि रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास पुण्याहून १९७१ मध्ये आला. ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढावीत आणि त्यासाठी सुस्थितीतील वर्गाने आपल्या उपभोगाला कात्री लावावी, असे त्यात रोखठोक म्हटले होते. १९७२ मध्ये योजना सुरू झाली आणि त्याच वर्षी दुष्काळ कोसळला. लाखो माणसे कामावर आली. पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाला राज्याने जे उत्तर दिले ते भारतात नवे होते. १९७५ मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवर कर बसवला. मोटारींवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर जादा आकारणी केली. हे सारे रोजगार हमीसाठी, असे म्हणून केली. जितका कर जमेल तितकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. १९७७ मध्ये कायदा एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

फोर्टातल्या कचेरीत बसणाऱ्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे माण-आटपाडीच्या बांधावर मजुरी म्हणून पोहोचत होते, आणि हे कायद्यात लिहिलेले होते. व्यवसायकराचा मोठा वाटा मुंबईचा. मुंबईने तक्रार केली नाही याचे कारण केवळ औदार्य नव्हे. दुष्काळात गावात काम नसेल तर माणसे कुठे येतात हे १९७२च्या आधीही मुंबईला ठाऊक होते. गावातल्या बागायतदारालाही पाझर तलाव, रस्ते आणि नालाबांध मिळाले, पाणी त्याच्याच विहिरीला उतरले. या योजनेवर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी हे हितसंबंध उघड केले आणि त्यावर टीकाही केली. टीका योग्य आहे. पण मजूर, बागायतदार आणि शहरी पगारदार या तिघांचे हित एका कायद्यात गुंफले गेले म्हणूनच तो कायदा टिकला, हेही तितकेच खरे. १९८८ मध्ये मजुरी वाढून किमान वेतनाच्या बरोबरीला आली तेव्हा हे गुंफण सैल पडले. कामांची संख्या घटली, मागेल त्याला काम हे शब्द राहिले आणि मागूनही काम न मिळणे सुरू झाले.

पुढे २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि मजुरीचा मोठा भार दिल्लीच्या तिजोरीवर गेला. व्यवसायकर राहिला. राज्यघटनेने त्याला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर तो अकरा महिने दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये असा दिसतो. महिना तीस हजार मिळवणाराही तेवढाच भरतो आणि तीस लाख मिळवणाराही तेवढाच. त्या ओळीपुढे पीटी अशी दोनच अक्षरे छापलेली असतात.